साच्यात ओतलेली किंमत

हा सोव्हिएत काळातला विजेचा स्विच. आता त्याची मागची बाजू पाहा. प्लॅस्टिकमध्येच उठवलेले आकडे दिसतात? ही त्याची किंमत, कोपेकमध्ये, म्हणजे रूबलच्या शंभराव्या भागात. वर चिकटवलेली नाही, थेट साच्यातच कोरलेली. पाना, चमचा, खेळणं, कितीतरी वस्तूंवर अशीच. कच्चा माल महागला, दुकानात झुंबड उडाली, तरी आकडा तोच.

मॉस्कोतली ही भारदस्त इमारत. आज इथे ड्यूमा, म्हणजे रशियाच्या संसदेचं कनिष्ठ सभागृह भरतं. पूर्वी इथे गॉस्प्लान, म्हणजे सोव्हिएत सरकारचं नियोजन मंडळ होतं. कोणत्या कारखान्याला किती पोलाद, किती कोळसा, याचे ताळेबंद इथे मांडले जात. मांडणारी माणसं हुशार होती, कष्टाळू होती. अडचण त्यांच्या कुवतीची नव्हतीच.

ही अडचण अर्थशास्त्रज्ञ लुडविग फॉन मीझेस यांनी 1920 मध्येच दाखवली होती, गॉस्प्लान स्थापन व्हायच्या आदल्या वर्षी. कारखाने, जमीन, यंत्रं सगळं सरकारच्या मालकीचं झालं, की यंत्रांची खरेदी-विक्रीच थांबते. मग त्यांना खरी किंमत उरत नाही. नवा रेल्वेमार्ग टाकणं परवडेल की नाही, हे मग कशावरून ठरवायचं?

पंचवीस वर्षांनी अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिख हायेक यांनी कथिलाचं उदाहरण घेतलं. समजा, कुठेतरी कथिलाची एखादी खाण बंद पडली. का पडली, हे वापरणाऱ्यांना ठाऊक असायची गरजच नाही. भाव चढतो आणि हजारो लोक आपापल्या जागी हात आखडतात. कुणाचा हुकूम लागत नाही. असा भाव तयार होतो, कारण ‘एवढ्याला देणार नाही’, ‘एवढ्याला घेणार नाही’ असं म्हणायची प्रत्येकाला मुभा असते. ती मुभा काढून घेतली, की आकडा तेवढा उरतो.

दक्षिण रशियातलं नोव्होचेर्कास्क शहर, 1 जून 1962. सरकारने मांस एका फटक्यात 30 टक्क्यांनी महाग केलं, लोणी 25 टक्क्यांनी. रेल्वे इंजिन कारखान्यातले कामगार संप करून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी चौकात गोळीबार झाला. 26 माणसं मेली. त्यानंतर मांसाच्या सरकारी भावाला 1991 पर्यंत कुणी हात लावला नाही. भाव तोच राहिला, म्हणून दुकानांसमोर लागलेल्या रांगा तुमच्यासमोर आहेत.

सोव्हिएत संघ मोडल्यावर, 2 जानेवारी 1992 रोजी, रशियात बहुतेक किमती मोकळ्या झाल्या. महागाईत लोकांची साठवलेली पुंजी वाहून गेली. दुकानांत माल परतला. महिनाअखेरीस राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्या हुकमाने खास परवान्याशिवाय विक्री करायची सवलत मिळाली. फुटपाथवर उभी असलेली ही माणसं पाहा. हातात बूट आहेत, सॉसेज आहेत, विणलेले मोजे आहेत, आणि प्रत्येकजण आपला भाव स्वतः सांगतो आहे.