रुमालाखालची चव

नमस्कार मंडळी.

माझे आजोबा अथणी भागातले शेतकरी. लहानपणी मी त्यांच्याबरोबर बैलबाजारात जायचो. तिथला सौदा तोंडाने होत नसे. व्यापारी आणि शेतकरी एकमेकांचा हात हातात घ्यायचे, वर रुमाल टाकायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचे. भोवती दहा माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांनाच कळे. त्यामुळे पुढचं गिऱ्हाईक बैलाकडे बघायचं ते स्वतःच्या नजरेनं. आधीच्याने काय बोली दिली याचं ओझं त्याच्यावर नसे. आज मी एकाच सालच्या रेड वाइन झाकून चाखण्याबद्दल बोलणार आहे, पण मनात आहे तो हा रुमाल.

विषय ऐकून काही ज्येष्ठांनी नाराजी कळवली. त्यांचा मान राखून सांगतो, मी कोणाला प्यायला शिकवायला आलेलो नाही. चाखणारा माणूस घोट तोंडात घोळवतो आणि थुंकतो. शेजारी त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. सहा वाइन गिळत गेलं तर चौथीला जिभेचा भरवसा राहत नाही.

झाकून चाखणं म्हणजे बाटली कागदी पिशवीत घालायची, गळ्यावरचं वेष्टण आधीच काढून टाकायचं आणि पिशवीवर फक्त एक आकडा लिहायचा. पिशवी सैल हवी, कारण बाटलीचा आकारसुद्धा चुगली करतो. फ्रान्समधल्या बोर्डो भागाची बाटली ताठ खांद्यांची असते, तिथल्याच बर्गंडीची उतरत्या खांद्यांची. आकडे एक, दोन, तीन असे देऊ नयेत. 'एक' म्हटलं की मनात पहिला नंबर येतो. तीन अंकी काहीही द्या, ४१७, ८५२.

आता एकाच सालच्या वाइन का घ्यायच्या? द्राक्षबागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, नव्या काड्यांसाठी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, फळासाठी. माल येतो जानेवारी ते मार्चमध्ये. बोर्डोत वर्षाला एकच छाटणी, तीही थंडीत. काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. तिकडचा शेतकरी वसंतातल्या हिमाला आणि काढणीच्या पावसाला घाबरतो, आपला गोडी छाटणीनंतरच्या अवकाळीला. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो पाऊस नाशिकपासून सांगलीपर्यंत कसा पडला, डावणी रोगाने कोवळे घड कसे गेले, हे इथे बसलेल्या अनेकांनी पाहिलंय. त्या हंगामाची वाइन २०२० ची म्हणून ओळखली जाते, कारण साल काढणीचं धरतात. बाटलीवर छापलेले ते चार आकडे म्हणजे शेतकऱ्याच्या एका वर्षाचा हिशेब असतो.

साल एक ठेवलं की वयही एक होतं, आणि माझ्या मते हे जास्त महत्त्वाचं. रेड वाइन बाटलीत बदलत राहते. कोवळी असताना जांभळट आणि तुरट, जुनी होत जाईल तशी विटकरी आणि मऊ. दोन वर्षांची आणि दहा वर्षांची शेजारी ठेवून 'ही मऊ लागते' म्हटलं, तर कौतुक बागेचं चाललंय की काळाचं? वय आणि द्राक्षाची जात सारखी ठेवली, म्हणजे सगळ्या शिराझ किंवा सगळ्या कॅबरने, की उरलेला फरक जमिनीचा, त्या भागातल्या पावसापाण्याचा, वेलीवर किती घड ठेवले त्याचा, द्राक्षाच्या साली रसात किती दिवस भिजल्या त्याचा आणि ओकच्या पिंपाचा. त्यावर बोलता येतं.

पॅरिसमध्ये २४ मे १९७६ रोजी झालेली चाखणी जगप्रसिद्ध आहे. स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइनविक्रेत्याने ती घडवली. परीक्षक नऊ, सगळे फ्रेंच, सगळे नावाजलेले. समोर दहा रेड वाइन, चार फ्रेंच आणि सहा कॅलिफोर्नियाच्या. पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्स लीप, १९७३ सालची. बोर्डोची मूटाँ रोथशिल्ड १९७० दुसरी. एका परीक्षक बाईंनी तर निकालानंतर आपली गुणपत्रिका परत मागितली. ही गोष्ट सांगताना सालांचा मुद्दा मात्र बहुतेक जण सोडून देतात. फ्रेंच वाइन १९७० आणि १९७१ च्या होत्या, अमेरिकन १९६९ ते १९७३ मधल्या. म्हणजे नावं झाकली होती, पण वय सुटं होतं. बोर्डोची वाइन उशिरा खुलते, ही फ्रेंचांची तक्रार म्हणून अगदीच हवेत नव्हती. तीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच रेड वाइन पुन्हा चाखल्या गेल्या. तेव्हाही पहिली कॅलिफोर्नियाचीच आली, रिजची माँटे बेलो १९७१. तक्रारीला उत्तर मिळालं, पण त्यासाठी तीस वर्षं थांबावं लागलं.

डोळा जिभेला किती ओढून नेतो, तेही ऐका. बोर्डोत वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांना संशोधकांनी पांढरी वाइन दिली, पण वास-चव नसलेल्या रंगाने लाल केलेली. त्या वासाचं वर्णन त्यांनी रेड वाइनच्या शब्दांत केलं. हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. शिकलेली माणसं होती, खोटं बोलत नव्हती. त्यांना खरोखरच तसा वास आला. म्हणून मी झाकण्यावर एवढा जोर देतो.

शब्दांचं दुखणं आपलं वेगळं आहे. वाइनच्या पुस्तकात ब्लॅककरंट नावाचं काळं फळ असतं, सीडारचं लाकूड असतं. आपल्यापैकी किती जणांनी ब्लॅककरंट झाडावरून तोडून खाल्लंय? ते पाठ करून लिहिलं तर ती जिभेची साक्ष राहत नाही. आपल्याकडे खानापूर-जांबोटीच्या रानातली करवंदं आहेत, जांभूळ आहे, आमसूल आहे. निपाणीच्या वखारीतला तंबाखूचा वास आहे. आणि तुरट हा शब्द आहे. आपल्या षड्रसांत कषाय रस पहिल्यापासून आहे, त्यामुळे टॅनिन, म्हणजे वाइनला तुरटपणा देणारा घटक, काय हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

टिळकवाडीतल्या घरी आम्ही पाच जण एकदा बसलो. एकाच सालच्या पाच शिराझ, पेले मात्र सहा. एक वाइन दोनदा ओतली होती, दुसऱ्या आणि पाचव्या जागी. ते फक्त ओतणाऱ्याला माहीत. बाटल्या अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या, कारण रेड वाइनला सोळा-अठरा अंश लागतात आणि मे महिन्यात बेळगावातली खोली तेवढी थंड नसते. पेल्यात पन्नास मिली. नियम एकच, कागदावर लिहून होईपर्यंत कोणी बोलायचं नाही, 'वा' सुद्धा म्हणायचं नाही.

माझ्या शेजारच्या काकूही बसल्या होत्या. आयुष्यात वाइनला हात न लावलेल्या. नातवंडांना बाळगुटी उगाळून देणाऱ्या. थेंबभर जिभेवर घेऊन थुंकायचं, असं ठरवून आल्या होत्या. त्यांनी दुसऱ्या पेल्यापुढे 'हिरडा, मग करवंद' लिहिलं आणि पाचव्यापुढेही 'हिरडा, करवंद'. मी वीसपैकी दुसऱ्याला पंधरा दिले होते आणि पाचव्याला बारा, शेरा 'कडक, रूक्ष'.

पिशव्या काढल्यावर मी बराच वेळ ते दोन आकडे बघत बसलो. मग कारण कळलं. तुरटपणा तोंडात साचत जातो. मी घाईने एकामागून एक पेला घेतला होता, म्हणून पाचव्यापर्यंत जीभ आखडलेली होती. काकू दर पेल्यानंतर पावाचा तुकडा खात होत्या, पाणी पीत होत्या आणि पाच मिनिटं गप्प बसत होत्या. "घाई कसली की रे, चव जाईपर्यंत थांबायला नको?" असं म्हणाल्या.

तेव्हापासून आमच्याकडे दोन फेऱ्या होतात. दुसरी फेरी उलट्या क्रमाने, आणि मधली पाच मिनिटं काकू घड्याळ लावून मोजतात.