सांबा सर्व्हर रीस्टार्ट करायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी. ज्यांच्या ऑफिसात लिनक्सवर सांबाचा, म्हणजे विंडोज पीसींना फोल्डर शेअर करून देणाऱ्या प्रोग्रामचा, फाइल सर्व्हर आहे त्यांनी आजचा व्हिडिओ नीट बघा, कारण मी स्वतः काही वर्षं हे चुकीचं केलंय. एसएमबी डॉट कॉन्फ या सांबाच्या सेटिंग फाइलमध्ये एक ओळ बदलायची आणि लगेच सर्व्हिस रीस्टार्ट. एकदा मार्च एंडला भर दुपारी केलं, अकाउंट्सच्या ताईंची एक्सेल शीट शेअरवर उघडी होती, त्या सेव्ह करायला गेल्या तर एरर आणि अर्ध्या तासाचं काम गेलं. फार वाईट वाटलं मला.

तर आत काय चालतं बघा. एसएमबीडी म्हणजे फाइल शेअर करणारा सांबाचा प्रोग्राम, त्याची एक मुख्य प्रोसेस असते, आणि कोणी क्लायंट जोडला की ती त्याच्यासाठी वेगळी प्रोसेस फोर्क करते, म्हणजे स्वतःची एक प्रत सुरू करते. 30 पीसी जोडलेले असतील तर 30 पोरं आणि वर त्यांची आई. रीस्टार्ट केलं की सगळीच मरतात, ज्याची फाइल उघडी होती त्याचीसुद्धा. आणि तुम्हाला बदलायचं काय होतं, तर एक ओळ!

चालू डीमनशी, म्हणजे मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामशी, बोलायला सांबाबरोबरच एक टूल येतं, एसएमबीकंट्रोल. रूट, म्हणजे अ‍ॅडमिन यूझर म्हणून चालवायचं. आधी कमांड, मग कोणाला, मग काय सांगायचंय. कोणाला म्हणजे एसएमबीडी, नावं शोधून देणारा एनएमबीडी, विंडोज डोमेनचे यूझर ओळखणारा विनबाइंडडी, किंवा थेट एखादा पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा नंबर. हे बघा, मी टाइप करतोय, एसएमबीकंट्रोल एसएमबीडी पिंग... आला पाँग. म्हणजे मुख्य प्रोसेस जागी आहे. इथे ऑल पण लिहिता येतं, पण मग मेसेज एनएमबीडी आणि विनबाइंडपर्यंत सगळ्यांना जातो, म्हणून ऑलच्या पुढे शटडाउन लिहिताना दोनदा वाचा.

कॉन्फिग बदललं की आधी टेस्टपार्म ही कॉन्फिग तपासणारी कमांड चालवा, स्पेलिंग चुकलं असेल तर तिथेच कळतं, मग एसएमबीकंट्रोल ऑल रिलोड-कॉन्फिग. झालं, कोणाची फाइल बंद झाली नाही.

पण इथेच बरेच जण फसतात. समजा एकाने नोकरी सोडली आणि तुम्ही त्याचं नाव अकाउंट्स शेअरच्या व्हॅलिड यूझर्स, म्हणजे परवानगी असलेल्यांच्या यादीमधून काढलंत आणि रिलोड केलंत, तरी तो आधीच त्या शेअरला जोडलेला असेल तर आत बसलेलाच राहतो, कारण तपासणी जोडताना होते आणि रिलोड जुन्या कनेक्शनला हात लावत नाही. त्यासाठी क्लोज-शेअर आहे, पुढे शेअरचं नाव. पण ते त्या शेअरवरच्या सगळ्यांनाच बाहेर काढतं, ताईंना पण. म्हणून नवीन व्हर्जनमध्ये क्लोज-डिनाइड-शेअर आलंय, ते फक्त ज्यांची परवानगी आता उरलेली नाही त्यांनाच तोडतं, बाकीच्यांना कळतही नाही. मला तर हा सगळ्यात कामाचा मेसेज वाटतो. आणि एखादं मशीनच तोडायचं असेल, समजा त्यात व्हायरस शिरलाय, तर किल-क्लायंट-आयपी आणि पुढे त्याचा आयपी. प्रोसेस शोधून ती किल मायनस 9 मारून जबरदस्तीने बंद करत बसू नका, त्याने शेअर्ड मेमरी, म्हणजे सगळ्या प्रोसेस मिळून वापरतात ती, अर्धवट अवस्थेत राहू शकते, सांबाच्या मॅन पेजमध्येच, म्हणजे मदतीच्या पानावरच, लिहिलंय की तो शेवटचा उपाय.

आता लॉग, म्हणजे सर्व्हर काय करतोय त्याची नोंद. एकाच माणसाची तक्रार असते, माझंच फोल्डर उघडत नाही. सगळ्या सर्व्हरचा लॉग लेव्हल, म्हणजे किती बारीक नोंद करायची ते, 10 केला तर फाइल बघता बघता फुगते आणि त्यात त्याची ओळ शोधणार कशी? मग एसएमबीस्टेटस चालवा, कोण कोण जोडलंय त्याची यादी येते, त्यात त्याच्या मशीनसमोर पीआयडी दिसेल, समजा 2314, मग एसएमबीकंट्रोल 2314 डीबग 10. फक्त त्याचीच प्रोसेस बोलायला लागते. त्याला फोन करून म्हणा, दादा आता परत उघडा, आणि इकडे लॉग बघा. पूर्वी लेव्हल वरखाली करायला यूएसआर1, यूएसआर2 सिग्नल पाठवायचे, सांबा 2.2 पासून ते बंद झालं, त्यामुळे जुन्या नोट्समध्ये तसं दिसलं तर करू नका. आणि चूक सापडली की त्याच पीआयडीला परत डीबग 1 पाठवा, नाहीतर त्याने कनेक्शन तोडेपर्यंत ती प्रोसेस डिस्कवर लिहितच राहील.