निजलेलं गवत

(दृश्य: भर दुपार. पिवळी पडलेली हिरवळ. एक हात गवताचा झुपका हळूच बाजूला करतो.)

ही हिरवळ मेली, असं कुणीही म्हणेल. पाती वाळून कडक झाली आहेत, पायाखाली कुरकुरतात. पण जरा गुडघे टेकून बसू या. झुपका फाकवून पाती जिथे मातीत शिरतात तिथे बघू. बुडख्याशी अजून पांढरट, टणक गाभा आहे. चिमटीत धरून ओढलं तरी झुपका उपटत नाही, मुळं त्याला सोडत नाहीत. हे गवत निजलं आहे.

पाणी तुटलं की गवत आधी पाती सोडून देतं. पातीच गेली की त्यांच्यातून उडून जाणारी वाफही थांबते, आणि उरलीसुरली ओल बुडख्यासाठी राहते. निरोगी गवत असं कित्येक आठवडे काढू शकतं.

सगळी गवतं सारखी नसतात. हरळी मुळातच उन्हाची, तिला अशा दिवसांची सवय आहे. थंड प्रदेशातलं ब्लूग्रास लवकर निजतं, पण पाऊस आला की जमिनीखाली पसरलेल्या खोडांतून पुन्हा फुटतं. उंच फेस्क्यूची मुळं खोल जातात, म्हणून ते जास्त दिवस हिरवं राहतं. मात्र त्याचे झुपके एकदा मेले, तर मधली जागा भरून काढायला त्याला जमत नाही.

(दृश्य: रिकामा पाण्याचा पाइप, गुंडाळून ठेवलेला.)

पाण्यावर निर्बंध आले की पहिली कुऱ्हाड हिरवळीवर पडते, आणि ते योग्यच आहे. हिशेब साधा आहे. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 1 लिटर. वाढीच्या दिवसांत हिरवळीला आठवड्याला साधारण 25 मिलिमीटर लागतं. म्हणजे 100 चौरस मीटरच्या हिरवळीला आठवड्याला 2,500 लिटर. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये 1 फेब्रुवारी 2018 पासून माणशी रोज 50 लिटरची मर्यादा आली होती. त्या मापानं हे एका माणसाचं 50 दिवसांचं पाणी झालं. अमेरिकेत तर 2005 साली उपग्रहाच्या चित्रांवरून अंदाज काढला गेला: हिरवळीखालची जमीन सुमारे 1,63,800 चौरस किलोमीटर, पाणी देऊन वाढवलेल्या कुठल्याही एका पिकापेक्षा जास्त. एप्रिल 2015 मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी शहरांचा पाणीवापर 25 टक्क्यांनी घटवायचा आदेश काढला. ज्या डोंगराळ जागेवर उभं राहून त्यांनी तो जाहीर केला, तिथे एरवी त्या दिवसांत कमरेच्या वर बर्फ असतो. त्या वर्षी तिथे सुकं गवत होतं.

मग आठवड्यातले एक-दोन दिवस ठरवून मिळतात, तेही पहाटे नाहीतर संध्याकाळी. इथे एक चूक हमखास होते: आज आपला वार आहे म्हणून नळ सोडून द्यायचा. तापून कडक झालेली माती पाणी आत घेत नाही. रेताड जमिनीत तर कणांवर मेणासारखा थर बसतो आणि थेंब वरच्यावर घरंगळतात. पाणी उतारानं रस्त्यावर जातं, मुळाशी काहीच पोचत नाही.

म्हणून पाणी तोडून तोडून द्यावं. दहा मिनिटं द्या, अर्धा तास थांबा, पुन्हा द्या. आधी बागकामाच्या काट्यानं जमिनीला भोकं पाडली तर आणखी बरं. वेळ निवडता येत असेल तर पहाट घ्या. वारा पडलेला असतो, वाफ कमी होते आणि ऊन चढलं की पाती लगेच वाळतात. रात्रभर ओली राहिलेली पाती बुरशीला आमंत्रण देतात.

(दृश्य: हिरवळीवर ठेवलेले पाच-सहा सपाट बुडाचे डबे. तुषाराचं पाणी त्यांत पडतंय.)

किती पाणी पडलं हे डोळ्यांनी कळत नाही. असे डबे ठेवा, पंधरा मिनिटांनी प्रत्येकात पट्टी बुडवून बघा. एका कोपऱ्यात दुसऱ्याच्या दुप्पट पाणी पडतंय, हे बहुतेकांना तेव्हाच पहिल्यांदा दिसतं. मग लांब स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसा. तो जिथपर्यंत सहज जातो, तिथपर्यंत ओल आहे.

आणि एक निर्णय आधीच घ्या: गवत जागं ठेवायचं की निजू द्यायचं. आज भरपूर पाणी, मग तीन आठवडे काहीच नाही, पुन्हा भरपूर, हे सगळ्यात वाईट. प्रत्येक वेळी उठायला गवत साठवणीतलं बळ खर्च करतं. निजू द्यायचं ठरलं, तर दोन-तीन आठवड्यांतून एकदा 12 मिलिमीटर पुरतं. त्यानं हिरवळ हिरवी होणार नाही, बुडखे तेवढे जगतील. या दिवसांत खत घालू नका, त्यावरून वावर कमी ठेवा. जागं ठेवायचं असेल तर पातं उंच राखा आणि एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. उंच पातं स्वतःच्या मुळांवर सावली धरतं.

(दृश्य: कॅमेरा वर सरकतो. हिरवळीच्या मधोमध एक मोठं झाड.)

माझा खरा जीव गुंततो तो इथे. हे झाड इतकी वर्षं हिरवळीच्याच पाण्यावर वाढलं. तुषार बंद झाले तेव्हा त्याचंही पाणी तुटलं, आणि ते काही सांगत नाही. शेंडे वाळायला कधी कधी वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. हिरवळ एका हंगामात पुन्हा पेरता येते. या सावलीला तीस-चाळीस वर्षं लागली आहेत. तेव्हा नियमात बसणारं जे काही पाणी हाताशी आहे, ते आधी इथे. खोडाशी नको, फांद्यांच्या घेराखाली रुंद आळं करून, सावकाश. वर वाळल्या पानांचं आच्छादन, खोडापासून वीतभर दूर.

(दृश्य: पुन्हा पिवळी हिरवळ, आता उंचावरून. कुठे पिवळे, कुठे फिकट हिरवे पट्टे.)

2013 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या स्टोनहेंजला, म्हणजे उभ्या दगडांच्या प्राचीन वर्तुळापाशी, गवतावर पाणी मारायची नळी आखूड पडली. वर्तुळाच्या एका भागापर्यंत ती पोचेना. तिथलं गवत वाळलं, आणि वाळलेल्या डागांत, आता नसलेले दगड एके काळी जिथे उभे होते त्या जागा उमटल्या. वर्तुळ कधी पूर्ण होतं का, हा वाद फार जुना होता.

उकरलेल्या, भरलेल्या मातीची ओल धरायची ताकद वेगळी असते. आपल्या अंगणातही तेच चालू आहे. जो पट्टा सगळ्यांत आधी पिवळा पडला, तिथे खाली काय आहे? बांधकामाचा राडारोडा, खडक, की वीतभरच माती? आज या डागांच्या कडेनं खुंट्या ठोकून ठेवा. पाऊस परतला की दोन-तीन आठवड्यांत सगळं हिरवं होईल, आणि या रेषा दिसेनाशा होतील.