मश्रूम कोरल आणि मंद लाइट

मंडळी, खाऱ्या पाण्याची टाकी नव्याने लावणारा आधी विचारतो, लाइट किती वॅटचा घेऊ? मश्रूम कोरल, म्हणजे बशीसारखं मऊ प्रवाळ, ठेवायचं असेल, तर घेतलेला लाइट किती मंद करायचा हे आधी ठरवा. डिस्कोसोमा, रोडॅक्टिस या मश्रूम कोरलच्या प्रकारांना वाळूच्या पातळीवर ३० ते ७५ पार पुरतो. पार म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचं माप. मोबाइलवरच्या उजेड मोजणाऱ्या लक्स ॲपचा आकडा निळ्या एलईडीखाली फसवा असतो.

कोरलच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि तेच त्याला पोसतं. प्रकाश झेपेनासा झाला की त्या शैवालात ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात, आणि कोरल शैवालच बाहेर टाकतं. मश्रूम आक्रसतं, पांढुरकं पडतं. हे पाहून नवखा माणूस लाइट आणखी वाढवतो, आणि तिथेच खेळ संपतो. प्रकाश खरोखर कमी असेल तर ते आक्रसत नाही. बशीसारखं पसरतं, लाइटकडे ताणतं. म्हणून लाइटच्या पूर्ण ताकदीच्या ३० टक्क्यांवर, रोज ८ तास, अशी सुरुवात करा. वाढवायचाच असेल तर आठवड्याला ५ टक्के, त्याहून जास्त नाही.

मश्रूम गोंदाने चिकटत नाही, अंगावर बुळबुळीत स्राव असतो. उथळ डब्यात दगडाचे तुकडे भरा, वर मश्रूम ठेवा, जाळी बांधा, डबा संथ प्रवाहात ठेवा. एक-दोन आठवड्यांत ते स्वतःच धरतं.

पाणी फार स्वच्छ ठेवण्याचा अट्टहासही नको. नायट्रेट ५ ते १५ पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग), फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असू द्या. दोन्ही शून्यावर नेलेत तर कोरल उपाशी राहतं आणि वाळूवर डायनोफ्लॅजलेट या सूक्ष्मजीवांचा तपकिरी, चिकट थर चढतो. खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग). खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवा, आरओच्या पाण्याने नव्हे. बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागे राहतं. त्यामुळे रोजची भर गोड्या आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्याचीच. मुंबईच्या मे महिन्यात तर हे विसरून चालतच नाही. पाण्यावर लावलेला पंखा तापमान दोन-तीन अंशांनी उतरवतो, पण पाणीही झपाट्याने घटवतो. २८ अंशांच्या वर सतत राहत असेल तर चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, घ्या. खर्च टाळायचा असेल तर कोरल टाळा.

झोअँथिड हे झुपक्याने वाढणारे छोटे प्रवाळसदृश जीवही कमी उजेडात तगतात, मात्र त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच. झोअँथिड चिकटलेला दगड साफ करण्यासाठी उकळू नका, वाफेतून विषबाधा होते.

आता कायद्याचं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सगळे खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. तेव्हा मालवणच्या खडकावरून तुकडा उचलून आणणं हा सरळ गुन्हा आहे. दुकानदार ‘सगळं चालतं’ म्हणाला तर जातीचं नाव पावतीवर लिहून मागा.