फोडणी चालू असताना पाहुण्याला प्रश्न विचारू नये

ओट्यामागून नावारूपाला आलेला माणूस गप्पांचा कार्यक्रम करायला बसला की पहिल्याच आठवड्यात तक्रार येते: ‘फार बोलतो.’ ही तक्रार शब्दशः घेऊ नका. आधीही तो तेवढंच बोलत होता, फक्त तेव्हा त्याचे हात कामात होते.

अमेरिकेतल्या रेचल रे यांचं बघा. २००१ पासून फूड नेटवर्क या वाहिनीवर त्या तीस मिनिटांत जेवण करून दाखवत. फ्रिजमधलं सगळं सामान एका खेपेत, छातीशी धरून ओट्यावर. सालं-देठं टाकायला शेजारीच मोठं भांडं, म्हणजे केराच्या डब्याकडे फेऱ्या नकोत. या लगबगीत एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइलला आद्याक्षरांनी ‘ईव्हीओओ’ म्हणणं, चव आवडली की मध्येच ‘यम-ओ’ करणं खपून जायचं. १८ सप्टेंबर २००६ पासून त्यांचा रोजचा गप्पांचा कार्यक्रम सुरू झाला. पाहुण्यासमोर बसून रिकाम्या हातांनी तेच शब्द आले, की काहींच्या कानाला टोचायचे. ‘ही शेफ नाहीच,’ हा आक्षेप तर जुनाच. गंमत अशी, की आपण शेफ नाही हे त्या स्वतःच सांगत आल्या, आणि चाहत्यांना त्या नेमक्या त्यामुळेच घरच्या वाटत. कार्यक्रम २०२३ पर्यंत चालला.

आता ओट्याशी गप्पा मारताना काय बिघडतं ते पाहू. तेल तडतडायला लागलं की छातीवरच्या माइकमध्ये तो आवाज शिरतो आणि ‘स’, ‘श’ गिळले जातात. पाहुणा काय म्हणाला ते घरी कळत नाही, आणि लोक लिहितात, ‘पाहुण्याला बोलूच देत नाही.’ तेव्हा प्रश्न फोडणीच्या आधी विचारावा, नाहीतर आच बंद करून. फोडणीचे दहा-पंधरा सेकंद नुसते ऐकू द्यावेत.

दुसरी चूक घासाची. पाहुण्याच्या तोंडात घास आणि यजमानाचा प्रश्न, दोन्ही एकदम. बिचारा तोंडावर हात धरून उत्तर देतो. तो चावतोय तेवढा वेळ यजमानाने कृतीतली एखादी खुबी सांगावी. चाखलेला चमचा परत पातेल्यात गेला, तर मात्र त्या भागाबद्दल दुसरं काहीही लिहून येत नाही. चाखायचे चमचे वेगळे, पाच-सहा तरी, हाताशी हवेत.

सहा-सात मिनिटांच्या भागात रस्सा शिजत नाही. म्हणून कच्चा, अर्धा शिजलेला आणि तयार अशी तीन भांडी ठेवतात. अदलाबदल लपवली की प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं. ‘हा चाळीस मिनिटं शिजलाय’ एवढं सांगितलं तरी तक्रार उरत नाही.

आपल्याकडे ‘आम्ही सारे खवय्ये’ने हे ओझं वाटून टाकलं होतं: बोलायला प्रशांत दामले, रांधायला पाहुणे. दामल्यांना फोडणी सांभाळायची नव्हती, त्यामुळे त्यांचं सगळं लक्ष माणसाकडे.

काही राग तर शेफच्या वाट्याचा नसतोच. २०११ मध्ये एबीसी वाहिनीने ‘ऑल माय चिल्ड्रन’ ही चार दशकं चाललेली मालिका बंद केली आणि त्या वेळेला ‘द च्यू’ हा खाण्या-गप्पांचा कार्यक्रम आणला. मालिकेचे प्रेक्षक पहिला पदार्थ ताटात पडायच्या आधीपासूनच चिडलेले होते.