पापे पदरी घेणे

(दृश्य: नवापूर रेल्वे स्थानक. पहाट. फलाटावरचा रिकामा बाक.)

नवापूरच्या फलाटावर एक बाक आहे. त्याच्या मधोमध रेघ ओढलेली. रेघेच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे गुजरात. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली आणि शीव स्टेशनातूनच गेली. येणारेजाणारे मोठ्या हौसेनं इथं फोटो काढतात.

शेतातली शीव अशी रंगवलेली नसते. ती मातीची असते, गवतानं झाकलेली. दर पावसाळ्यात नांगराचा फाळ बोटभर आत घातला तर शेजाऱ्याला लगेच कळत नाही. आपल्याकडे त्याला बांध कोरणं म्हणतात. खानदेशात गावोगाव अशी घरं आहेत, ज्यांचं बोलणं बांधावरून तुटलं ते तुटलंच.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात, शेजाऱ्याची शीव सरकवणाऱ्याला शापित म्हटलं आहे. मी लहान असताना आजोबा तो अध्याय मोठ्यानं वाचत नसत. का, ते मला फार उशिरा कळलं. ते सांगेनच. आधी रविवारच्या उपासनेत जाऊ.

(दृश्य: रंगावली नदी. पुलावरून चालत येणारी माणसं, हातात कापडात गुंडाळलेलं शास्त्र.)

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन मिशनरी आले. आज ज्याला आपण नंदुरबार जिल्हा म्हणतो, तिथल्या मावची, भिल्ल, गावित घरांतून ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यांच्या उपासनेत गाणी असतात, साक्ष असते, उपदेश असतो. आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटून घेण्याच्या, आधी एक शांतता असते. पाळकसाहेब म्हणतात, "आपापलं अंतःकरण तपासा." बायका डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतात. पुरुष मान खाली घालतात. लहान मुलंसुद्धा त्या वेळी चुळबुळ करत नाहीत.

या शांततेत काय चाललेलं असतं?

योहानाच्या पहिल्या पत्रात, पहिल्याच अध्यायाच्या नवव्या वचनात त्याचं उत्तर आहे. आपल्या जुन्या मराठी शास्त्रात ते असं येतं: "जर आपण आपली पापे पदरी घेतली, तर तो विश्वसनीय व न्यायी आहे, म्हणून आपल्या पापांची क्षमा करील."

पदरी घेतली. अनुवादकांनी हा शब्द कुठून उचलला असेल, याचा मी अनेकदा विचार केला आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे तेच म्हणणं, रुकार देणं. देव ज्याला पाप म्हणतो, त्याला मीही पापच म्हणणं. मराठीत त्याला पदर मिळाला, आणि मला वाटतं, अर्थ आणखी खोल गेला.

कारण बोलताना आपण उलटं करतो. चूक झाली की म्हणतो, "पोटात घाला." म्हणजे चूक माझी, पोट तुमचं. दुसऱ्याचं चुकलं की त्याची चूक त्याच्या पदरात घालतो, चांगली मोजून मापून. स्वतःची चूक स्वतःच्या पदरात घेणं मात्र आपल्याला शिकावं लागतं. पदरात घेतलेली वस्तू लपत नाही. तिचं ओझं खांद्याला लागतं. ती घेऊन कुणाच्या तरी दारात जावं लागतं.

(दृश्य: मेंढ्यांचा कळप, धुळ्याकडचं माळरान.)

शास्त्रातल्या दावीद राजाची गोष्ट या माळरानावर कुणालाही कळेल. राजानं उरियाची बायको आपल्याकडे आणली आणि उरियाला लढाईत मरायला पाठवलं. नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला आणि एका गरिबाची गोष्ट सांगू लागला. त्या गरिबाकडे एकच मेंढी होती, पोटच्या मुलीसारखी वाढवलेली. शेजारच्या श्रीमंताकडे कळपच्या कळप. पाहुणा आला तेव्हा श्रीमंतानं ती एकुलती मेंढी कापली. दावीद संतापला, म्हणाला, असा माणूस मेलाच पाहिजे. नाथान म्हणाला, तो माणूस तूच आहेस.

ही झाली चूक पदरात घालणं. यानंतर राजानं नाथानाचं डोकं उडवलं असतं तरी कुणी विचारलं नसतं. पण तो म्हणाला, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. बायकोचं नाव नाही, लढाईचं नाव नाही, सेनापतीचं नाव नाही. एक्कावन्नावं स्तोत्र याच प्रसंगाशी जोडलं जातं. आजही पश्चात्तापाची प्रार्थना करताना ख्रिस्ती माणसाच्या ओठी तेच येतं. आणि बत्तिसाव्या स्तोत्रात लिहिलं आहे की मी गप्प राहिलो तोवर माझी हाडं झिजत होती. पाप दडवून ठेवलं की ते अंगात उतरतं, हे ज्यानं भोगलंय त्याला समजावून सांगावं लागत नाही.

(दृश्य: भुसावळ जंक्शन. मग चर्चच्या आतला लाकडी पडदा.)

कबुली कुणापुढे द्यायची, यावर ख्रिस्ती परंपरांमध्ये फरक आहे. नंदुरबारहून सुरत–भुसावळ मार्गावर पूर्वेला निघालात तर हा फरक गाडीतून उतरून पाहता येतो. जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे कॅथलिक मंडळीच्या नाशिक धर्मप्रांतात येतात. कॅथलिक भाविक लाकडी पडद्याआड बसलेल्या फादरपुढे गुडघे टेकून पापं सांगतो. या संस्काराला मोठा इतिहास आहे. सुरुवातीच्या शतकांत मोठ्या पापांचं प्रायश्चित्त सगळ्या मंडळीसमोर घ्यावं लागे. पुढे आयर्लंडच्या मठांतून खाजगीत पाप सांगण्याची रीत युरोपभर पसरली. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेनं वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावं असा नियम घातला.

कॅथलिक शिकवणीत नुसतं सांगून भागत नाही. मनापासून दुःख हवं, कबुली हवी, आणि प्रायश्चित्त हवं. फादर देवाच्या नावानं क्षमेचे शब्द उच्चारतात. जे ऐकलं ते त्यांनी कधीही, कुणालाही, जीव गेला तरी सांगायचं नाही. सांगितलं तर त्यांनाच मंडळीबाहेर व्हावं लागतं. ज्या गावात विहिरीवर बोललेलं संध्याकाळपर्यंत पारावर पोचतं, तिथं असा एक कान असणं ही लहान गोष्ट नाही.

आमच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत तो पडदा नाही. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं १५१७ मध्ये आपला वाद मांडला, त्यातलं पहिलंच विधान असं की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं. त्यानं कबुली टाकून दिली नव्हती. ती सक्तीची असू नये, एवढंच त्याचं म्हणणं. आम्ही थेट ख्रिस्ताकडे जातो, तोच मध्यस्थ. हे मी मनापासून मानते. पण याच मोकळेपणात आमची पळवाटही आहे, हेही सांगितलं पाहिजे. "देवाला सांगितलं, झालं," असं म्हणून आम्ही माणसाला सांगायचं टाळतो. शास्त्रात याकोबानं तर लिहिलं आहे, आपली पातकं एकमेकांजवळ कबूल करा. तुम्ही निरोगी व्हावं म्हणून.

महाराष्ट्रात हे एकदा मोठ्या प्रमाणावर घडलं. १९०५ च्या जूनमध्ये, पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, मुली रडत रडत पापं कबूल करू लागल्या. दुष्काळातून, वैधव्यातून वाचलेल्या मुली. जगानं ज्यांच्यावर पाप केलं, त्या आपली पापं शोधत होत्या, हे वाचताना माझा जीव कळवळतो.

म्हणूनच सांगते, कुणावर झालेला अन्याय त्याच्याच पदरात घालू नये. मार खाणाऱ्या बाईला "तूच काहीतरी पाप केलं असशील, कबूल कर" असं म्हणणं हे शास्त्र नव्हे. "प्रार्थनेसाठी सांगते" म्हणत शेजारणीचं पाप सभेत मांडणं हीही कबुली नव्हे. आणि ज्यानं गुन्हा केला आहे त्याला वेदीपुढे रडून पोलीसठाण्याची वाट चुकवता येत नाही. येशू आपण होऊन जक्कय जकातदाराच्या घरी उतरला तेव्हा जक्कय नुसता रडला नाही. ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो म्हणाला. कबुली पावतीसारखी असते. तिच्यावर रक्कम लिहिलेली असते.

(दृश्य: नवापूर तालुक्यातलं शेत. तूर, मधे मोहाचं झाड. एक बांध.)

आता आजोबा.

हे मला आजीनं सांगितलं, आजोबा गेल्यावर. प्रभुभोजनाचा रविवार होता. भाकरीचं ताट ओळीनं पुढे सरकत आजोबांपर्यंत आलं. त्यांनी ते हातात घेतलं, शेजारच्याकडे दिलं आणि उठून बाहेर गेले. लोकांना वाटलं, बरं वाटत नसेल. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूनं सांगितलं आहे, वेदीजवळ आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर.

थोरले आजोबा मोटेवर होते. आजोबा काठाशी उभे राहून म्हणाले, "दादा, मी बांध कोरलाय. चार पावसाळे. दोन हात जमीन तुझी माझ्याकडे आहे."

थोरले म्हणाले, "मला माहीत होतं." आणि बैल हाकत राहिले.

मिठी नाही, अश्रू नाहीत. आजोबांनी दुसऱ्या दिवशी एकट्यानं फावडं घेतलं आणि बांध दोन हात मागे आणला. उभी ज्वारी गेली त्यात. देवानं क्षमा केली होती, याबद्दल आजोबांना शंका नव्हती. भावानं अजून केली नव्हती, आणि ती मागण्याचा आपल्याला हक्क नाही, हेही ते जाणून होते. पुढच्या प्रभुभोजनाला त्यांनी भाकर घेतली. घरी येऊन बराच वेळ ओट्यावर बसून राहिले, असं आजी सांगायची.

तो उन्हाळा गेला. मृगाचा पाऊस आला आणि लांबला. पिकं माना टाकू लागली. एका संध्याकाळी थोरल्यांच्या शेतातून हाक आली. आजी म्हणायची, मी चुलीवरून उठून दारात आले, कारण तो आवाज आमच्या घरानं वर्षभर ऐकला नव्हता.

थोरले नव्या बांधावर उभे होते, हातात फावडं.

"पाणी तुझ्याकडे सोडू का?"