काळ्या दगडावरचे ऊन : मॉरिशसचे तामारिन

(पडद्यावर पारसिकच्या डोंगराची कापलेली बाजू आणि तिच्या पायथ्यालगतची वस्ती दिसते.)

ठाण्याहून वाशीकडे निघालेली लोकल ऐरोलीच्या पुढे गेली की डाव्या हाताला पारसिकची डोंगररांग सोबत करू लागते, आणि तुर्भ्याच्या आसपास त्या रांगेच्या कुशीतल्या जुन्या दगडखाणी दिसतात. डोंगर जिथे कापला आहे तिथे काळ्या दगडाचे थर उघडे पडले आहेत. याच दगडाची खडी होऊन नवी मुंबईच्या रस्त्यांत आणि इमारतींच्या पायात गेली, त्यामुळे तो आपल्या इतका परिचयाचा आहे की त्याच्याकडे कोणी मुद्दाम पाहत नाही. हा बेसाल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून तो पुन्हा पुन्हा बाहेर आला, थरावर थर साचत गेले आणि त्यातून दख्खनचे पठार घडले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश या दगडाखाली आहे.

हा लाव्हा ज्या उष्णतेमुळे वर आला, तिचा उगम पृथ्वीच्या पोटात एका जागी होता, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत राहिला, उगम मात्र जवळपास जागच्या जागी राहिला, आणि सरकत्या भूखंडाच्या मागे समुद्रात ज्वालामुखींची एक लांब रांग उमटत गेली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस या बेटांचे पाये त्या रांगेत येतात, आणि तिच्या दक्षिण टोकाशी सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर आले. आज तो उगम शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला २,६३२ मीटर उंचीचा पितों द ला फूर्नेझ हा ज्वालामुखी अजूनही वारंवार उसळतो. तेव्हा पारसिकचा दगड आणि मॉरिशसचा दगड यांच्या वयात कोट्यवधी वर्षांचे अंतर असले, तरी दोन्ही एकाच भट्टीतून निघालेले आहेत.

मॉरिशस म्हटले की आपल्याकडे मधुचंद्राचे पॅकेज आठवते, आणि त्या पॅकेजात बहुधा पांढरी वाळू, निळे पाणी व हॉटेलचा पोहण्याचा तलाव एवढेच असते. त्यात वाईट काही नाही. पण हा माहितीपट पश्चिम किनाऱ्यावरच्या तामारिन नावाच्या लहानशा गावाविषयी आहे, कारण ज्वालामुखीने बेटाला काय दिले आणि माणसांनी त्याचे काय केले, हे तिथे एका सकाळच्या फेरफटक्यात पाहता येते.

(विमानतळाबाहेरचा उसाच्या शेतांतून जाणारा रस्ता दिसतो.)

मुंबईहून मॉरिशसला थेट विमानाने सहा-साडेसहा तास लागतात. भारतीय पर्यटकाला व्हिसा आधी काढून ठेवावा लागत नाही, आणि गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. विमानतळ बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात आहे, तामारिन पश्चिमेला, आणि मध्ये पठार आहे. रस्ता चढू लागला की हवा बदलते. क्यूरपीप या पठारावरच्या शहरात ढग उतरलेले असतात आणि हातात छत्री घेतलेली माणसे दिसतात. पठाराच्या सर्वांत ओल्या भागात वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे ठाण्याच्या सरासरीपेक्षाही बराच जास्त. तिथून वाकवामार्गे गाडी पश्चिमेकडे उतरू लागली की थोड्याच वेळात काचेवरचे पाणी सुकते, उजेड वाढतो, आणि खाली समुद्र लखलखताना दिसतो. या किनाऱ्यावर वर्षभरात १,००० मिलिमीटरही पाऊस होत नाही.

याचे कारण वाऱ्यात आणि डोंगरांत आहे. इथे वर्षाचा बहुतेक काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. समुद्रावरून बाष्प घेऊन आलेले हे वारे पठारावर चढताना थंड होतात, आपले पाणी तिथेच टाकतात आणि पश्चिमेला कोरडे होऊन उतरतात. सह्याद्रीच्या अलीकडे ठाणे चार महिने भिजत असते आणि पलीकडे माण-खटावची माणसे आभाळाकडे पाहत असतात. तोच प्रकार इथे एका तासाच्या प्रवासात आटोपतो. फरक इतकाच, की माणच्या वाट्याला या कोरडेपणातून दुष्काळ आला आणि तामारिनच्या वाट्याला पर्यटक आले.

गावामागे माँताञ द्यु राँपार हा टोकदार सुळका उभा आहे. पश्चिमेचे हे डोंगर बेटावरच्या सर्वांत जुन्या दगडाचे आहेत. कधीकाळी इथे एक प्रचंड ज्वालामुखी होता, त्याचा मधला भाग खचला, उरलेल्या कडा लाखो वर्षांच्या पावसाने झिजल्या, आणि त्यांचे अवशेष आज सुळक्यांच्या रूपात दिसतात. माहुली किंवा मलंगगडाच्या वाटा तुडवलेल्या ठाणेकराला हे रूप अनोळखी वाटणार नाही. बेटाचे सर्वोच्च शिखरही याच बाजूला आहे, पण त्याची उंची अवघी ८२८ मीटर आहे.

(मिठागरांचे चौकोनी वाफे आणि त्यांतले चमकणारे पाणी दिसते.)

तामारिनमध्ये आम्ही सर्वांत जास्त वेळ मिठागरांवर घालवला. ठाणे, मुलुंड, भाईंदर, उरण या पट्ट्यातल्या माणसाला मिठागर म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. त्या पट्ट्यातल्या आगरी समाजाच्या कित्येक पिढ्या मीठ पिकवण्यात गेल्या. मात्र आपल्याकडे वाफ्याचा तळ चिखल तुडवून घट्ट केलेला असतो, तर तामारिनच्या जुन्या मिठागरांत शेवटचे वाफे काळ्या बेसाल्टच्या दगडांनी बांधलेले आहेत. समुद्राचे पाणी आधी मातीच्या मोठ्या वाफ्यांत घेतले जाते, तिथे ते आटून दाट होते, आणि मग पाटांवाटे या लहान दगडी चौकोनांत सोडले जाते. काळा दगड दिवसभर तापतो, पाणी झपाट्याने उडते आणि तळाशी पांढरा थर धरतो. कामगार तो ओढून त्याच्या राशी करतात. पूर्वी हे मीठ टोपल्यांत भरून, डोक्यावर घेऊन दगडी कोठारांपर्यंत पोहोचवण्याचे काम मुख्यतः बायका करीत. पठारावरच्या पावसात हा उद्योग एक दिवसही टिकला नसता. इथे तो फ्रेंच काळापासून चालत आला, कारण ऊन आणि दगड दोन्ही जागेवरच होते.

आता बेटावरची मिठागरे थोडीच उरली आहेत. बाहेरून येणारे मीठ स्वस्त पडते, आणि समुद्राकाठच्या सपाट जमिनीला घरे व हॉटेले बांधणाऱ्यांकडून मिठापेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो. मुलुंड, भांडुप आणि कांजूरमार्गच्या मिठागरांच्या जमिनीवर इमारती उभारण्याविषयी आपल्याकडे जो वाद चालतो, तो ऐकलेल्या माणसाला इथल्या परिस्थितीचे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. आमच्या मते तामारिनला गेलेल्या प्रवाशाने समुद्रावर जाण्याआधी हे वाफे पाहावेत, कारण समुद्र पुढच्या खेपेलाही तिथे असेल.

समुद्राची गोष्टही दगडापासूनच सुरू होते. मॉरिशसभोवती बुडालेल्या लाव्ह्याच्या उतारावर प्रवाळ वाढले आणि त्यांची भिंत किनाऱ्याचे रक्षण करू लागली. त्या भिंतीच्या आत उथळ, शांत पाणी असते, आणि पांढरी वाळू म्हणजे मुख्यतः या प्रवाळांचा व शिंपल्यांचा भुगा असतो. तामारिनच्या उत्तरेला थोड्या अंतरावर असलेला फ्लिक आँ फ्लाकचा लांब किनारा असाच आहे. तिथली सुरूची झाडे पाहून अलिबाग-मुरूडच्या बाजूला आल्याचा भास होतो. तामारिनच्या उपसागरात मात्र नदी येऊन मिळते. गोड पाणी आणि गाळ प्रवाळांना मानवत नाही, म्हणून इथे भिंतीला खिंडार आहे, आणि त्यातून खुल्या समुद्राच्या लाटा थेट आत येतात. लाटांवर फळी घेऊन स्वार होणारे लोक याच कारणाने कित्येक दशके तामारिनला येत आहेत. वाळूही इथे पांढरीशुभ्र नसून पिवळसर आहे. ज्यांना निवांत डुंबायचे आहे, त्यांनी फ्लिक आँ फ्लाकला जावे हे उत्तम.

पहाटे या उपसागरात डॉल्फिन येतात. रात्रभर खोल पाण्यात शिकार करून ते सकाळी उथळ पाण्यात विसावा घेण्यासाठी किनाऱ्याजवळ सरकतात, आणि नेमक्या त्याच वेळी पर्यटकांच्या होड्या त्यांच्यामागे लागतात. पोहणाऱ्यांचा घोळका पाण्यात उडी मारतो तेव्हा डॉल्फिनची झोप मोडते, ही गोष्ट सहल विकणाऱ्याच्या फलकावर लिहिलेली नसते. होडीने गेलाच, तर दुरून पाहावे आणि पाण्यात उतरू नये.

दक्षिणेला ल मॉर्न हा ५५६ मीटर उंचीचा कातळ आहे. मालकांपासून पळालेले गुलाम त्याच्या कडेकपारीत आश्रय घेत, आणि २००८ मध्ये त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. वाटेत शामारेल येथे लाव्ह्याची झीज होऊन झालेली रंगीत माती दिसते. तिच्यातले तांबडे-जांभळे रंग लोह आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांमुळे आले आहेत. शामारेलला तासभर पुरतो.

(उसाच्या शेतातले काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतात.)

बेटावरच्या उसाच्या मळ्यांत मात्र अधिक थांबावे. तिथे मध्येच काळ्या दगडांचे मोठाले ढीग रचलेले दिसतात. लाव्ह्याची जमीन सुपीक असली तरी दगडांनी भरलेली होती, आणि ऊस लावण्याआधी प्रत्येक दगड हाताने उचलून बाजूला करावा लागे. आधी ते काम गुलामांनी केले. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, पण त्याच्या आदल्याच वर्षी, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, भारतातून करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी पोर्ट लुईस बंदरात उतरली होती. पुढे १९२० पर्यंत जवळपास पाच लाख माणसे या वाटेने आली. पुरुष मजुराला महिन्याला पाच रुपये मिळत. ते ज्या आप्रवासी घाटावर उतरले, तो आज जागतिक वारसास्थळ आहे, आणि त्याच्या इमारतीही याच काळ्या दगडाच्या आहेत.

या मजुरांतला एक भाग मुंबई बंदरातून निघाला होता आणि त्यांत कोकणातले लोक मोठ्या संख्येने होते. त्यांची पुढची पिढी तिथेच राहिली, शिकली, नोकऱ्यांत आणि राजकारणात शिरली. तामारिनपासून जवळच असलेल्या कास्कावेलमध्ये आणि पठारावरच्या हेन्रिएटा, वाकवा या भागांत मराठी कुटुंबे आहेत. घरात आता बहुधा क्रिओल, म्हणजे फ्रेंचपासून घडलेली तिथली बोली, बोलली जाते. तरी शाळांतून मराठी शिकवली जाते, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षणही मिळते. कोकणातली जाखडी तिथे झाकरी नावाने अजून नाचली जाते. रस्त्यावरच्या गाडीवर मिळणारी ‘धोल पुरी’ म्हणजे डाळ भरलेली मऊ पोळीच, पण तिच्यात गूळ नसतो. ती घेवड्याची उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि तिखट चटणी घालून, कागदात गुंडाळून हातात देतात. पुरणपोळीची अपेक्षा ठेवून पहिला घास घेऊ नये.

जाण्यासाठी महिना निवडताना जानेवारी ते मार्च शक्यतो टाळावा, कारण चक्रीवादळे मुख्यतः त्याच काळात येतात. आमची पसंती भाद्रपदाला आहे. तिथे तेव्हा हिवाळा संपत आलेला असतो, पश्चिम किनारा कोरडा असतो आणि ऊन अंगाला बोचत नाही. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटी असते, आणि मराठी कुटुंबे ढोलकी-झांजांच्या तालावर आपले गणपती नदीवर आणि समुद्रावर नेतात. वर्षानुवर्षे तलावपाळीवर चिंब भिजत बाप्पाला निरोप देणाऱ्या ठाणेकराने कोरड्या रस्त्याने, डोक्यावर टोपी घालून चाललेली ती मिरवणूक एकदा पाहावी. त्या दिवसांत हॉटेलची खोली आधीच ठरवून ठेवलेली बरी.